स्टाफचा तिसरा डोस

"स्टाफ लसीकरणाची जबाबदारी आपणाकडे सोपवण्यात येत आहे" असं पत्र ज्या इनचार्ज सिस्टरच्या हातात पडेल, तिच्यासाठी हे लिहितेय. मला ते डिसेंबर २०२१ च्या अखेरीस मिळालं. २५ डिसेंबरच्या रात्री पंतप्रधानांनी टीव्हीवर जाहीर केलं की १० जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे, यांना कोविड लसीचा तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस मिळेल. पाठोपाठ मेट्रन मॅडमनी बोलावून घेतलं. "तुझं सगळ्यांशी पटतं, तूच कर," म्हणाल्या. पत्र मागाहून आलं.

आमचं रुग्णालय ट्रस्टचं, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. डॉक्टरांपासून कॅन्टीनपर्यंत सगळे धरले तर सव्वाशेच्या आसपास माणसं. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच. तेव्हा मनात भीती होती, पण लस हवीही होती. पहिल्या लाटेत आमचे एक वॉर्डमामा गेले होते. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या खाटेसाठी नातेवाईक पोर्चमध्ये रात्र काढत होते. त्यामुळे दोन डोस जवळजवळ सगळ्यांनी घेतले. तिसऱ्याची बातमी आली तेव्हा मात्र चहाच्या खोलीत कुणाचा चेहरा खुलला नाही. "परत?" हा एकच प्रश्न त्या आठवड्यात जो तो विचारत होता.

पुढे आकडे पाहिले तेव्हा कळलं की हे सगळीकडेच होतं. देशात सुमारे १ कोटी ४ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांनी पहिला डोस घेतला, दुसरा १ कोटी १ लाखांनी, आणि तिसरा २०२२ संपेपर्यंत ७० लाखांच्या आसपास. दुसऱ्यापर्यंत बरोबर आलेली माणसं तिसऱ्याला का थांबली, याचं उत्तर मला वर्षभर एकेकाकडून मिळत गेलं.

कामाला सुरुवात यादीपासून केली. नियम असे होते: दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने, म्हणजे ३९ आठवडे पूर्ण हवेत. आधीची लस जी, तीच तिसरी. नव्यानं नोंदणी करायची नाही, कोविनवर, म्हणजे सरकारच्या लस-नोंदणीच्या पोर्टलवर, आधीची नोंद असेल तर थेट केंद्रावर जायचं. मी एक जाड रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले: नाव, कोविनवरचं नाव, ओळखपत्र कोणतं दिलं होतं, नोंदणीचा मोबाईल कुणाचा, लस कोणती, दुसऱ्या डोसची तारीख, ३९ आठवडे कधी भरतात, मागच्या वेळी त्रास काय झाला. शेवटचा रकाना रुंद आणि कोरा ठेवला. माणूस काय म्हणाला ते त्यात लिहायचं. हा रकाना नक्की ठेवा. वर्षभर मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये दुसरा डोस घेतलेले १० जानेवारीलाच पात्र होते. ज्यांचा दुसरा लांबला, त्यांना थांबावं लागणार होतं. १० जून २०२१ ला घेतलेल्या सिस्टरला १० मार्च २०२२ पर्यंत. ही तारीख प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून दिली. तोंडी सांगितलेली तारीख ड्युट्यांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

खरी डोकेदुखी कोविनवरच्या नोंदींची. २०२१ च्या सुरुवातीला आमची यादी ऑफिसमधून एकगठ्ठा गेली होती. ज्या मावश्यांकडे स्वतःचा फोन नव्हता त्यांच्या नावापुढे तेव्हाच्या इनचार्ज सिस्टरचा नंबर टाकलेला. त्या आता पुण्यात नोकरीला. एका मावशींनी पहिल्या डोसला आधार कार्ड दिलं, दुसऱ्याला मतदान कार्ड. त्यामुळे कोविनवर त्यांच्या नावे पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं तयार झाली आणि दुसऱ्या डोसची नोंदच नाही. दुसरा नाही म्हणून तिसरा नाही. त्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या. रिक्षाचे जाऊन-येऊन ऐंशी रुपये गेले ते वेगळेच.

यावर उपाय होता. कोविनमध्ये लॉगिन करून 'रेझ ॲन इश्यू'मध्ये गेलं की नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक दुरुस्त करता यायचा आणि दोन पहिली प्रमाणपत्रं एकत्रही करता यायची. पण लॉगिनचा ओटीपी जुन्या नंबरवर जायचा आणि तीनच मिनिटं चालायचा. मी पुण्याच्या सिस्टरना त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावायची. त्या डबा बाजूला ठेवून आकडे वाचून दाखवायच्या, इकडे मी टाईप करायची. मावशी शेजारी दोन्ही कार्डं हातात धरून उभ्या. विनंती पाठवल्यावर काहींची नोंद आठवड्यात दुरुस्त झाली, काहींना महिना उलटला.

म्हणून नोंदी आधी नीट करून घ्या, समजावणं नंतर. मोठ्या मुश्किलीनं तयार झालेला माणूस केंद्रावरून परत पाठवला गेला तर त्याला पुन्हा तयार करणं फार जड जातं.

ज्यांनी मधल्या काळात सर्वसामान्य नागरिक म्हणून नोंदणी केली होती, त्यांना सरकारी केंद्रावर नोकरीचा दाखला द्यावा लागत होता. ट्रस्टच्या लेटरहेडवर नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, वैद्यकीय अधीक्षकांची सही आणि शिक्का. मी कोरे नमुने आधीच टाईप करून ठेवले आणि सरांना एका राउंडनंतर गाठून गठ्ठ्यानं सह्या घेतल्या.

एवढी तयारी होईतो कोविडचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार दारात आला. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण ४ डिसेंबरला डोंबिवलीत सापडला होता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे रुग्णांपेक्षा स्टाफच जास्त आजारी. घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, टेस्ट पॉझिटिव्ह, सात दिवस घरी. कॅज्युअल्टीत एका सिस्टरनं सलग दुसरी ड्युटी केली, कारण तिच्या जागी येणारी सकाळीच पॉझिटिव्ह निघाली होती. मीही त्याच आठवड्यात पॉझिटिव्ह आले. २१ जानेवारीच्या सुमारास केंद्राचं पत्र आलं: कोविड झालेल्यांनी बरं झाल्यापासून तीन महिन्यांनी डोस घ्यावा, प्रिकॉशन डोससुद्धा. रजिस्टरमधल्या निम्म्या तारखा खोडून एप्रिलवर न्याव्या लागल्या.

या तीन महिन्यांत लोकांची मनं घट्ट होत गेली. ओमिक्रॉन बहुतेकांना सौम्य गेला होता. "झाला की आता, आणखी कशाला?" असं डॉक्टरही म्हणत होते आणि मामाही.

फेब्रुवारीत व्यवस्थापनानं सेमिनार हॉलमध्ये सगळ्यांची सभा घेतली. फिजिशियन मॅडमनी स्लाइड दाखवल्या, शेवटी "कुणाला शंका?" विचारलं. एकही हात वर गेला नाही. बाहेर पडताना मात्र जिन्यावर शंकाच शंका. मावश्या सर्जनसमोर बोलणार नाहीत, नव्या सिस्टर मेट्रनसमोर बोलणार नाहीत. त्यानंतर सभेच्या नादी न लागता मी एकेकाला गाठायला लागले. औषधांच्या खोलीत, लिनन मोजताना, बसस्टॉपवर. "घेणार का?" असं मी विचारत नव्हते. "तिसऱ्याबद्दल तुमच्या मनात काय आहे?" असं विचारायची आणि ऐकून घ्यायची. एकदा ऐकलं की रकान्यात लिहायची. उत्तर त्याच दिवशी द्यायची घाई नको.

आमचे एक आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, बीएएमएस झालेले, वाचनात असणारे. ते म्हणाले, "सिस्टर, ही लस मूळच्या विषाणूवर बेतलेली. ब्रिटनचे आकडे बघा. ॲस्ट्राझेनेकाचे, म्हणजे आपल्या कोविशील्डचेच, दोन डोस घेतलेल्यांचं पाच-सहा महिन्यांनी ओमिक्रॉनच्या लक्षणांपासून जवळजवळ काहीच संरक्षण उरत नाही. त्यांनी बूस्टर दिले ते फायझर-मॉडर्नाचे. आपण तीच कोविशील्ड तिसऱ्यांदा घ्यायची, तर फायदा किती?" मला वाटतं वर्षभरात मी ऐकलेला हा सगळ्यात नेमका आक्षेप. याला गैरसमज म्हणून झटकणं बरोबर नव्हतं. मी त्यांना फिजिशियन मॅडमकडे घेऊन गेले. दोघं अर्धा तास बोलले. मॅडमनी सरळ कबूल केलं की लागण टाळण्यासाठी हा डोस फार काळ पुरणार नाही. त्यांचा मुद्दा दुसरा होता. गंभीर आजारापासूनचं संरक्षण दोन डोसांनंतरही बऱ्यापैकी टिकतं, तिसऱ्यानं ते वाढतं, आणि ज्या माणसाचं वजन जास्त आहे, ज्याला मधुमेह आहे आणि जो रोज आयसीयूत उभा असतो, त्याला ते वाढवण्यात अर्थ आहे. आरएमओंना मधुमेह होता. त्यांनी मार्चअखेरीस डोस घेतला. ओमिक्रॉनवर बेतलेली लस भारतात आली तर तीही घेऊ, हे त्यांचं म्हणणं मी रकान्यात लिहून ठेवलंय.

लॅबमधला एक जण स्वतःची अँटिबॉडी टेस्ट करून बसला होता आणि आकडा भरपूर आहे म्हणून निवांत होता. किती अँटिबॉडी म्हणजे पुरे, असा ठरलेला आकडाच नाही, त्यामुळे त्या रिपोर्टवर डोस ठरत नाही, एवढं त्याला पटवायला वेळ लागला.

एक्स-रे टेक्निशियन गुठळ्यांना घाबरत होते. त्यांच्या मेहुण्यानं व्हॉट्सॲपवर काहीबाही पाठवलेलं. मी त्यांना 'खोटं आहे' म्हटलं नाही, कारण मुळात ते खोटं नव्हतं. मे २०२१ मध्ये एईएफआय, म्हणजे लसीनंतर होणारे त्रास, तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीनं ४९८ गंभीर घटना तपासल्या होत्या. त्यात कोविशील्डनंतरच्या २६ घटना रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित असू शकतील अशा होत्या, दर १० लाख डोसमागे ०.६१. हा आकडा मी त्यांना कागदावर लिहून दिला. हा त्रास बहुतेक पहिल्या डोसनंतर दिसतो, दुसऱ्यानंतर त्याहून कमी, हेही सांगितलं. न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, छातीत दुखणं, पायाला सूज, टोचलेल्या जागेपासून लांब अंगावर लाल ठिपके, अशी लक्षणं दिसली तर कुणाला फोन करायचा, तेही लिहिलं आणि खाली माझा नंबर दिला. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. डोस घेतला पुढे जुलैत.

लग्न ठरलेल्या दोन सिस्टरना पाळीची आणि पुढे मूल होण्याची काळजी होती. मनातलं विचारायला त्या घाबरत होत्या, कारण वॉर्डात हसतील. लसीनंतर पाळी सरासरी एखाद दिवस पुढेमागे होऊ शकते, एक-दोन महिन्यांत पूर्ववत होते, आणि गरोदर बायकांनाही जुलै २०२१ पासून ही लस आपल्याकडे दिली जाते आहे, हे मी सांगितलं. पण त्यांना धीर आला तो प्रसूती विभागाच्या सिस्टरमुळे. तिनं पाचव्या महिन्यात दुसरा डोस घेतला होता आणि तिचा मुलगा आता रांगत होता.

आता मावश्यांबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुकीचं बोललं गेलं ते त्यांच्याबद्दल. "अडाणी आहेत, घाबरतात," असं मी वरिष्ठांच्या तोंडून कितीदा ऐकलं. एका दुपारी महिला वॉर्डच्या मागच्या खोलीत आमच्या एक मावशी बेडपॅन धूत होत्या. मी नळाशी उभी राहून तोच प्रश्न विचारला. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ताई, सुईला कोण भितंय? पहिल्या डोसला मला दोन दिवस ताप होता. कंत्राटदारानं दोन दिवसांचा पगार कापला. दुसऱ्याला एक दिवस कापला. आता तिसऱ्याला किती कापणार ते सांगा, मग मी सांगते घेणार का." त्यांनी हातमोजे काढले, आतून ओले झालेले, उलटे करून पाईपवर वाळत घातले. दिवसाला एकच जोडी मिळायची.

कायम स्टाफला अशा वेळी किरकोळ रजा होती. कंत्राटी लोकांना काहीच नाही. ही गोष्ट आमच्या एकाही स्लाइडवर नव्हती. मी सगळ्या कंत्राटी कामगारांची मागच्या दोन डोसांनंतरची गैरहजेरी काढली, कापलेल्या पगारासकट एका पानावर मांडली आणि मेट्रन मॅडमसोबत अधीक्षकांकडे गेले. मागणी एवढीच होती: डोसनंतरचा एक दिवस, त्रास झाला तर, भरपगारी धरावा. कंत्राटदार म्हणाला ट्रस्टनं द्यावा, ट्रस्ट म्हणाला करारात नाही. हे पत्र टेबलाटेबलांवरून फिरत राहिलं.

दरम्यान २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. गावात लोक दोन वर्षांनी मोकळे फिरत होते, शोभायात्रा निघाली होती. मलाही आनंद झाला. पण त्यानंतर बूस्टरचं नाव काढलं की लोक "संपलं की सिस्टर ते" म्हणून पुढे जायचे. १० एप्रिलपासून १८ वर्षांवरच्या सर्वांना खासगी केंद्रात डोस खुला झाला. लसीची किंमत २२५ रुपये, सेवाशुल्क जास्तीत जास्त १५०, वर जीएसटी, म्हणजे माणशी साधारण ३८६. आम्हा कर्मचाऱ्यांना सरकारी केंद्रात मोफतच होता, पण घरच्यांना विकत. "मला फुकट आणि नवऱ्याला चारशे रुपये, मग एवढी गरज असती तर सरकारनं सगळ्यांनाच दिला असता," हा युक्तिवाद मला अनेकींनी ऐकवला.

आकडा वाढेना म्हणून एप्रिलमध्ये आमच्या व्यवस्थापनानं परिपत्रक काढलं: प्रिकॉशन डोसचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय पगार निघणार नाही. माझ्या मते वर्षभरात कामाची सगळ्यात मोठी हानी या एका कागदानं झाली. जे माझ्याशी मोकळं बोलत होते ते गप्प झाले. मी दिसले की वाट बदलायचे. काहींनी ओळखीच्या डॉक्टरांकडून ॲलर्जीचे दाखले आणले. मग २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं की लस घेण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो. सरकारचं लसीकरण धोरण मात्र त्यांनी योग्यच ठरवलं, आणि लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध खासगी संस्थांनीही तपासून पाहावेत असं सुचवलं. बातमीचं कात्रण घेऊन मी अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेले. जाताना हात थरथरत होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांसमोर असा कागद मी कधी ठेवला नव्हता. सरांनी पूर्ण वाचलं. आठवड्याभरात परिपत्रक मागे घेतलं गेलं आणि त्याच फाईलमध्ये कंत्राटी कामगारांच्या भरपगारी दिवसावरही सही झाली.

माझा स्वतःचा डोस एप्रिलच्या शेवटी झाला, कोविडनंतरचे तीन महिने भरल्यावर. सासूबाईंनाही त्याच दिवशी नेलं. १६ मार्चपासून साठीपुढच्या सगळ्यांना, सहव्याधीची अट न ठेवता, डोस मिळत होता. पहिल्या डोसला मला थंडी वाजून ताप आला होता, त्यामुळे खुर्चीत बसताना पोटात गोळा आला. त्या रात्री दंड दुखला, अंग जरा कसकसलं, सकाळी ड्युटीवर गेले. कोविशील्डचा पहिल्यावेळचा त्रास पुढच्या डोसांना सहसा कमी होतो. हे मी लोकांना सांगत होतेच, आता स्वतःचं उदाहरण देता आलं.

मे महिन्यापासून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या परवानगीनं सत्र आमच्याच रुग्णालयात व्हायला लागलं. यासाठी अर्जासोबत पात्र कर्मचाऱ्यांची यादी, तीन खोल्यांची व्यवस्था आणि एईएफआय किटची तयारी दाखवावी लागली. लस आणि ऑपरेटर सरकारी केंद्राचे, जागा आणि माणसं आमची. वेळ ठरवताना घोळ होतो, म्हणून सविस्तर सांगते. कोविशील्डच्या व्हायलमध्ये दहा डोस, आणि उघडल्यापासून चार तासांत संपवायची. दहा माणसं गोळा झाल्याशिवाय उघडली तर डोस वाया जातात. आमची सकाळपाळी दोनला सुटते, दुपारपाळी दोनला लागते. म्हणून सत्र एक ते चार ठेवलं. जाणारे आणि येणारे दोघंही सापडतात, पुढच्या पाळीला कामाची ओव्हर देऊन झालं की सरळ खोलीत. नाइटवाल्यांना मुद्दाम बोलवायचं नाही. झोपमोड झालेल्या माणसाला ताप आला की दोष लसीलाच मिळतो.

दहांची यादी करताना ड्युटी चार्ट समोर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा वीकली ऑफ असेल ते आधी घ्यायचे. एका वॉर्डातून एका दिवशी दोनपेक्षा जास्त नाहीत. शिवाय दोन-तीन जण राखीव, कारण ऐन वेळी कुणाची तरी केस येतेच. जेवून यायला सांगायचं. निरीक्षणाची अर्ध्या तासाची खुर्ची टाळू द्यायची नाही, डॉक्टरांनासुद्धा. आमच्याकडे एक तरुण ब्रदर टोचल्यावर दोन मिनिटांत पांढराफटक पडला. आडवं केलं, पाय उंच केले, नाडी-बीपी पाहिलं, दहा मिनिटांत उठून बसला. सुईच्या धास्तीनं आलेली भोवळ होती. पण दारात उभ्या असलेल्या तिघी ते पाहून परत चालल्या होत्या. त्यांना आत बोलावून त्याच्याशीच बोलायला लावलं. त्यानंतर टोचायची खोली आणि थांबायची खोली यांच्यामध्ये पडदा लावला.

त्या नळाजवळच्या मावशींनी जूनमध्ये डोस घेतला. त्यांच्यामागून कंत्राटी कामगार एकामागोमाग एक आले. मला कुणालाच काही समजवावं लागलं नाही.

जुलैत दोन गोष्टी भराभर झाल्या. ६ तारखेला अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर, म्हणजे २६ आठवड्यांवर आलं. मग १५ जुलैपासून ७५ दिवस, ३० सप्टेंबरपर्यंत, १८ वर्षांवरच्या सर्वांना सरकारी केंद्रात डोस मोफत झाला. रजिस्टरमधल्या उरलेल्या तारखा पुन्हा मोजल्या. आणि घरच्यांचा प्रश्न सुटला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टाफनं नवरा, बायको, दीर, नणंदा यांना घेऊन यायला सुरुवात केली. "घरातले सगळे घेतायत तर मीही घेते," म्हणणाऱ्या पाच-सहा जणी होत्या. एक्स-रेचे टेक्निशियन बायकोसोबत आले ते याच वेळी.

सप्टेंबर संपला तेव्हा रजिस्टरमध्ये मोजके लोक राहिले होते. त्यातले एक आमचे ज्येष्ठ सर्जन. दोनदा कोविड झालेला, दोन डोस झालेले, सगळी माहिती वाचलेली, आणि शांतपणे 'नको' म्हणणारे. त्यांच्याशी मी दोनदा बोलले, मग थांबले. ऑपरेशन थिएटरमध्ये ते मास्क कधीच खाली घेत नाहीत आणि ताप आला तर घरी राहतात. माझ्यापुरतं ते पुरेसं होतं.

डिसेंबरच्या शेवटी चीनच्या बातम्या आल्या, ओमिक्रॉनच्या बीएफ.७ या उपप्रकाराचं नाव टीव्हीवर दिवसभर, आणि माझा फोन वाजायला लागला. उन्हाळ्यात नको म्हणालेले विचारत होते, "सिस्टर, आहे का अजून?" तेव्हा कोविशील्ड आमच्या तालुक्यात शिल्लक नव्हती. ती बनवणाऱ्या सीरमनं मागणीअभावी उत्पादन वर्षभरापूर्वीच थांबवलं होतं. कोव्हॅक्सिन मिळत होती, पण ती आधी कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना. ऑगस्टपासून कोविशील्डनंतर कॉर्बेव्हॅक्स चालत होती, ती आमच्या केंद्रावर आलीच नाही. नाकात टाकायची लस २६ जानेवारीला बाजारात आली, खासगीत ८०० रुपये अधिक जीएसटी. विचारणाऱ्यांची नावं आणि नंबर मी लिहून घेतले आणि पुरवठा आल्यावर कळवते म्हणाले.

ते रजिस्टर अजून माझ्याच टेबलावर असतं. आता त्यात हिपॅटायटिस बीचे रकाने आखलेत: शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तीन डोस, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचा आकडा, १० च्या वर आला की ठीक. पहिला डोस घेऊन पुढचे विसरलेले यात कितीतरी निघाले, त्यात सुया हाताळणाऱ्या सिस्टर आहेत आणि रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलणारे मामाही. हाउसकीपिंगचा नवा करार एप्रिलमध्ये होतोय. लसीनंतरचा भरपगारी दिवस आणि दर पाळीला हातमोज्यांची वेगळी जोडी, या दोन ओळी त्याच्या मसुद्यात घालून मी ऑफिसला दिल्यात.